मावशीची वाटी

गल्लीत त्याला सगळे वजनदार म्हणत. नाव ऐकून पहिल्यांदा भेटायला येणारा माणूस त्याच्या खांद्यावरून मागे बघून दुसऱ्याच कोणाला तरी शोधायचा, कारण समोर उभा असलेला गृहस्थ म्हणजे फुंकर मारली तर उडून जाईल असा. नाव पडलं होतं ते त्याच्या खोडीवरून. गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या दुरुस्त करायचा त्याचा धंदा. बॅटरीच्या पोटात शिशाच्या प्लेटा असतात. कामातून उरलेलं शिसं वितळवून तो त्याचं काहीबाही ओतत बसायचा. हलकी वस्तू त्याला बघवत नसे. वाऱ्याने आपटणारं दार, डुगडुगणारं स्टूल, उडणारा पडदा दिसला की याने शिशाचा गोळा ओतून लावलाच. शेजारी हसायचे आणि हसता हसता आपापली डुगडुगती स्टुलं घेऊन यायचे. बायको म्हणायची, अहो, एक दिवस हे घर जमिनीत जाईल आणि आपण आत बसलेले असू.

त्याचंही खरंच होतं. आईबाप लवकर गेल्यावर तो या काकाकडून त्या मामाकडे चेंडूसारखा टोलवला गेला होता. आपल्या घरात आल्यावर त्याला प्रत्येक गोष्ट जागच्या जागी हवी होती, आणि जागच्या जागी राहायला वजन लागतं, एवढं त्याला पक्कं कळलं होतं.

शिशाची त्याला भीती नव्हती असं नाही. ज्या वस्तादांच्या हाताखाली तो शिकला, त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की धूर वाईट. ओतताना वाऱ्याकडे पाठ करायची, नाकाला फडकं बांधायचं, काम संपलं की साबणाने हात धुवायचे. धूर गेला की शिसं म्हणजे दगड, असं वस्ताद म्हणायचे. पुढे पुढे वस्तादांची मनगटं लुळी पडली. चहाचा कप उचलता येईना, मुलगी बशीतून पाजायची. वय झालं की व्हायचंच, असं सगळे म्हणाले. वस्तादांचं वय तेव्हा असं होतं तरी किती, हे कोणी विचारलं नाही. यानेही नाही. विचारायला हवं होतं.

पुढे दुकान, मागे दोन खोल्या, असा त्याचा संसार. मुलगा लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवायचा, त्यामुळे घरी कमी आणि फोनवर जास्त. सून कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला. त्यांची मुलगी ठमी दिवसभर आजी-आजोबांकडे. वय अडीच, गाल भरलेले, तोंड अखंड चालू. आणि एक मांजर. ती एका दुपारी दुकानात शिरली, चार कोपरे हुंगून पसंत केले आणि राहिली. वाघाची मावशी म्हणून तिला मावशी म्हणायचे. अंगाने जाडजूड, पण खाताना भांडं ढकलत ढकलत अख्ख्या खोलीची प्रदक्षिणा घालायची आणि शेवटी पालथं करायची. वजनदाराला हे सहन होण्यासारखं नव्हतं. त्याने वाळूत साचा केला आणि तिला शिशाची वाटी ओतून दिली. पसरट, जाड बुडाची, कानस मारून गुळगुळीत केलेली. घासली की चांदीसारखी चमकायची. मावशी तिला तसूभरही हलवू शकली नाही. तिच्यासमोर बसून तिने निमूट खाल्लं, तेव्हा तो लढाई जिंकल्यासारखा हसला.

ठमीला मावशीचं सगळं हवं असायचं. ती मावशीशेजारी जमिनीवर बसून जेवायची आणि आपली ताटली उडवायची. आबा, मला पण, म्हणाली. मग तिला पण. तिची वाटी जरा लहान, काठ जास्त गोल, ओठाला लागू नये म्हणून.

सुनेने तेव्हा एकदा विचारलं होतं, बाबा, यात खायला चालतं ना? त्याला ते लागलं. धूर गेला की शिसं म्हणजे दगड, त्याने सांगितलं, आणि दगडाच्या भांड्यात काय माणसं जेवली नाहीत? दही-भात, उकडलेलं अंडं, टोमॅटोचं सूप, सगळं ठमी त्याच वाटीतून खायला लागली. पहिला घास घेण्याआधी तिचा एक ठरलेला प्रश्न असे: "मावशी जेवली का?" जेवली म्हटलं की मगच आ करायचा. आणि भरवायचं आबानेच, दुसऱ्या कोणी नाही.

मग मावशी जेवेनाशी झाली.

आधी कोणी मनावर घेतलं नाही. मांजरीचे नखरे, असंच वाटलं. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. ही डोळे टक्क उघडे ठेवून दुधाकडे पाठ करून बसायला लागली. मासळी आणली, तिने हुंगली आणि निघून गेली. पोट आत गेलं, चालताना मागचे पाय फाकायला लागले, मधूनच ओकायची. मावशी जेवत नाही म्हटल्यावर ठमीही तोंड मिटून बसली. दोघींनी एकदमच संप पुकारला, बायको म्हणाली, आणि घरात सगळ्यांना त्याचं थोडं कौतुकच वाटलं. केवढा जीव आहे पोरीचा त्या मुक्या जनावरावर. ठमी पोट धरून रडायची, तेही मावशीमुळेच. संडासला होत नव्हतं, खात नाही तर होणार कुठून. बडबड कमी झाली होती. आबा मला उचल म्हणणारी पोर नुसते हात वर करायची. रुसलीय, आजी म्हणायची. मांजर बरं होऊ दे, मग बघा कशी पोपटासारखी बोलते.

म्हणून मांजर बरं करणं हे वजनदाराने अंगावर घेतलं. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून पोटाच्या गोळ्या आणि एक पातळ औषध दिलं, दोन दिवसांत उतार नाही पडला तर रक्त बघू म्हणाल्या. गोळ्या देणं हे बोलायला सोपं होतं. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार म्हणून उंदरांची सभा भरली होती म्हणे. घंटेचं काय घेऊन बसलात, गोळी चारून दाखवा, असं तो हातावरचे ओरखडे दाखवून गिऱ्हाइकांना सांगायचा. माशात लपवलेली गोळी मावशी नेमकी वेगळी काढून जमिनीवर ठेवायची. टॉवेलात गुंडाळून पिचकारीने दिलेलं औषध तिने त्याच्याच सदऱ्यावर परत केलं. बायकोने एकदा साध्या बशीत थोडं दूध ठेवलं, तर मावशीने त्यातलं दोन-चारदा चाटलं. बायको खूश झाली. पण याने बशी उचलली. अशी सवय लावू नकोस, म्हणाला, मग ती भांडी उलथवत फिरेल. तिची वाटी तिच्या ओळखीची आहे, त्यातच घेईल.

मग तो गोळी कुटायचा, दह्यात कालवायचा आणि वाटीत ठेवायचा. कधी सकाळचं दही संध्याकाळपर्यंत तसंच असायचं. तो मावशीला मांडीवर घेऊन, बोटाने तिच्या ओठांना लावून, एक एक चाटण पोटात घालायचा. वाटीतलं सगळं संपेपर्यंत सोडायचा नाही. मावशी मधेच सुटून न्हाणीत जायची आणि नळाखाली ठिबकणारं पाणी प्यायची. जेवत नाही आणि घाण पाणी पिते, म्हणून याने नळ घट्ट बंद केला. त्या दिवसांत त्याने तिची जितकी काळजी घेतली तितकी आयुष्यात कोणाची घेतली नसेल, आणि मावशी दिवसेंदिवस खंगत गेली. अंगाला हात लावला की आता ती दचकायची, आणि एकदा कसलाच आवाज नसताना भिंतीकडे बघून ओरडली. ठमी ते बघून हसली नाही, रडलीही नाही. तिने नुसतं बघितलं.

तो मावशीला टोपलीत घालून पुन्हा दवाखान्यात गेला. खांद्याला पिशवी होती, तिच्यात वाटी. तिथे काही भरवायचं झालं तर हिला स्वतःची वाटी लागते, असं त्याचं म्हणणं. डॉक्टरीणबाईंनी रक्त काढून घेतलं, मावशीचे डोळे बघितले, हिरड्या बघितल्या. घरात जुना रंग खरवडलाय का, उंदराचं औषध ठेवलंय का, असं विचारत गेल्या. नाही, नाही, तो म्हणत गेला. मग जरा जागा करायला म्हणून त्यांनी टेबलावरची पिशवी बाजूला सरकवायला घेतली, आणि ती सरकेना.

त्यांनी आतली वाटी बाहेर काढली. आतून बोट फिरवलं. बोटावर राखाडी रेघ उठली.

"हे शिसं आहे?"

"शुद्ध," तो म्हणाला. "मीच ओतलंय."

कोणी आपल्या कामाची विचारपूस केली की माणूस जरा ताठ होतो, तसा तो ताठ झाला होता. बाईंनी वाटी कागदावर ठेवली, बेसिनपाशी गेल्या आणि बराच वेळ हात धूत राहिल्या. परत आल्या तेव्हा मांजराकडे बघत नव्हत्या.

"काका, घरात लहान मूल आहे?"

"नात आहे," तो म्हणाला. आणि बाईंच्या चेहऱ्याकडे बघून, त्यांची समजूत घालावी तसं, घाईघाईने पुढे म्हणाला, "तिची वाटी लहान आहे."

हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं. बाई हळू आवाजात सांगत होत्या, की आंबट पदार्थात शिसं उतरतं, धूर लागतोच असं नाही, मुलीला आज, आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या. त्याला अर्धं कळलं, पण जेवढं कळलं तेवढं पुरे होतं. टोपली तिथेच राहिली. वाटी तिथेच राहिली. तो गल्लीतून धावत निघाला तेव्हा लोकांना वाटलं दुकानाला आग लागली.

घरी बायको दारातच हसत बसली होती. मांडीवर ठमी, समोर तिची वाटी. किती दिवसांनी चार घास खाल्ले हो, बायको म्हणाली, मावशी डॉक्टरकडे जेवतेय असं सांगितलं आणि आपल्या हाताने खाल्लं बघा, सगळं दही संपवलं. त्याने वाटी हिसकावली. ठमीने किंकाळी फोडली आणि त्याच्या पायाला मिठी मारली, वाटीसाठी. त्याने ती दिली नाही. आपल्या घरात इतकी वर्षं आपणच वजन आणून ठेवलं, आणि ते या एवढ्याशा पोटात जाऊन बसलं, हे त्याला तेव्हा उभ्या उभ्या समजलं. तो मोठ्याने रडायला लागला. बायकोने त्याला लग्नापासून कधी रडताना पाहिलं नव्हतं. ती घाबरून विचारत राहिली, मांजर गेलं का, मांजर गेलं का.

मोठ्या दवाखान्यात ठमीचं रक्त तपासलं. मुलांच्या डॉक्टरांनी आकडा सांगितला. तो किती वाईट हे त्यांनी तिला लगेच भरती करून घेतलं त्यावरून कळलं. ते म्हणाले, औषध आहे, त्याने रक्तातलं शिसं उतरेल. पोटदुखी जाईल, भूक येईल. डोक्यावर जे व्हायचं ते किती झालंय ते मात्र आज सांगता येत नाही, ती वाढेल तसतसं दिसेल. गेलेले शब्द परत येतील का, सुनेने विचारलं. काही येतील, ते म्हणाले.

सून सासऱ्याशी बोलत नव्हती. चालतं ना म्हणून आपण विचारलं होतं, हे तिने एकदाही तोंडातून काढलं नाही. काढलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. मुलगा ट्रक घेऊन परत निघाला होता, अजून वाटेत होता. तिकडे गल्लीत बायको घरोघरी जाऊन त्याने प्रेमाने दिलेल्या वस्तू परत मागत होती आणि का ते सांगताना लोकांच्या दारात खाली मान घालून उभी राहत होती.

दुपारी जनावरांच्या दवाखान्यातून फोन आला. मावशी गेली होती. त्याने बरं म्हटलं, फोन खिशात ठेवला आणि कोणाला सांगितलं नाही.

ठमीचं औषध म्हणजे कॅप्सूलमधली पूड, फळाच्या रसात कालवायची. वास असा की कुजक्या अंड्याची आठवण यावी. ठमीने ओठ घट्ट मिटले. नर्सने गोडीगुलाबीने बघितलं, आईने दटावून बघितलं, दोघींनी मिळून हात धरून बघितलं. आत गेलेलं सगळं चादरीवर आलं. हे चुकवून चालणार नाही, नर्स म्हणाली. तो भिंतीपाशी उभा होता. दवाखान्यात आल्यापासून त्याने पोरीला बोट लावलं नव्हतं. साबणाने धुऊन धुऊन हातांची सालं निघाली होती, तरी ते आपले हात आहेत हे त्याला विसरता येत नव्हतं.

ठमीनेच त्याच्याकडे हात केला.

सून बाजूला सरकली. एवढंच, पण सरकली. तो पलंगाच्या कडेला बसला आणि नर्सने दिलेला प्लॅस्टिकचा चमचा हातात घेतला. चमचा इतका हलका होता की हातात काही आहे असं वाटेना. ठमीने तोंड उघडलं नाही. तिने त्याच्याकडे बघितलं आणि तिला काही विचारायचं होतं हे त्याला दिसलं. पूर्वी जो प्रश्न ती धडाधड विचारायची त्याचे शब्द आता तिला सापडत नव्हते. ओठ दोनदा हलले.

"मा?" ती म्हणाली.

त्याला कळलं. सुनेलाही कळलं.

"जेवली," तो म्हणाला. "मावशी जेवली. औषधसुद्धा घेतलं तिने, सगळं."

ठमीने थोडा विचार केला आणि आ केला. त्याचं मनगट वर उचलेना, औषध चमच्याच्या कडेपर्यंत आलं. तेव्हा सुनेने खालून त्याचं मनगट धरलं, वर उचललं आणि चमचा पोरीच्या तोंडात रिकामा होईपर्यंत धरून ठेवलं. त्याच्याकडे तिने बघितलं नाही.