काठापुरती रम

काकूनं जन्मात दारूचा थेंब जिभेला लावला नाही, आणि तरी तिच्यासारखं कॉकटेल अख्ख्या नांदेडात कुणी करत नसेल. पैजेवर सांगते. बँकेत नोकरी लागली म्हणून मी लोह्याहून काका-काकूंकडे राहायला आले, तेव्हा पहिल्याच दिवशी दिवेलागणीला स्वयंपाकघरातून भाजल्या जिऱ्याचा आणि रमचा वास एकदमच आला. देवापाशी निरांजन, ओट्यावर बाटली. मी बुचकळ्यातच पडले.

ही बाटली घरात आली ती काकूच्याच हट्टानं. काका कापसाच्या जिनिंगमधून सुटले की सरळ बार गाठायचे आणि रिक्षावाला त्यांना दारात आणून सोडायचा. लिव्हरला सूज आली, डॉक्टरांनी निर्वाणीचं सांगितलं, रडारड झाली, शपथा झाल्या. शेवटी काकू म्हणाली, "प्यायचीच हाय ना? मग घरी प्या. मी करून देते." उमरीच्या आत्यानं, म्हणजे काकांच्या थोरल्या बहिणीनं, हे ऐकून कपाळावर हात मारून घेतला. "बाई हाय का काय ही! नवऱ्याला आपल्या हातानं दारू पाजून राहिली!"

काकू कामाला लागली. तिनं मोबाइलवर व्हिडिओ बघितले. त्यातल्या परदेशी बाटल्या आपल्याकडे कुठून मिळायच्या? मग तिनं घरातलंच काढलं. चिंचेचा कोळ, कवठाचा गर, उसाचा रस, आलं, करपवलेला गूळ. नवीन काही जमलं की त्याचं बारसं व्हायचं. घशात हिसके देत उतरणारी ती 'निलंगा एसटी', कारण निलंगा तिचं माहेर. आधी गोड लागून मग जिभेवरून हलायचं नाव न घेणारा तो 'उमरीचा पाहुणा'. हे नाव आत्याच्या कानावर शेवटपर्यंत गेलं नाही, हे नशीबच.

"काकू, तू चाखत नाहीस, मग जमतं कसं?" मी विचारलं.

"चव यांच्या कपाळावर दिसती की."

खरंच होतं ते. ग्लास हातात दिला की हनुवटीला हात लावून ती काकांच्या समोर बसायची आणि एकटक त्यांच्या तोंडाकडे बघायची. आठी पडली की मीठ चुकलं. भुवई वर गेली की जमलं.

एकदा मी ऑफिसातून लवकर आले आणि तिची चोरी पकडली. ग्लास भरून तयार होता, पण त्यात रम नव्हतीच. तिनं बोट रममध्ये बुडवलं आणि ग्लासाच्या काठावरून गोल फिरवलं. झालं.

"आधी नाकाला फसवायचं, जिभेचं मग बघू," ती हळूच म्हणाली. "जळजळ मिऱ्यानं येती, कडूपणा करपल्या गुळानं. थोडी थोडी कमी करत आणली बघ."

"आणि काकांना कळलं तर?"

"तर उद्या परत बारात. म्हणून तू तोंड उघडू नको, माझी आण हाय."

मी कशाला उघडते! त्या संध्याकाळी काका दोन घोट घेऊन म्हणाले, "आज लई कडक केलीस गं." उठताना झोकही गेला त्यांचा. काकूनं मला डोळा मारला आणि मी हसू दाबायला आत पळाले. पुढे वर्षागणिक काकांचे रिपोर्ट सुधारत गेले. काकूनं देवाला पेढे ठेवले.

सगळ्या घराचं लक्ष काकांच्या लिव्हरकडे. काकूच्या छातीत दुखायचं, ते ती पित्त म्हणून ओवा खाऊन मागे टाकायची. एका सकाळी ओट्यापाशीच खाली बसली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मला तिचा राग येतो, अजून येतो. दुसऱ्याच्या कपाळावरची आठी वाचणाऱ्या बाईला स्वतःचं दुखणं वाचता येऊ नये?

तेरावा झाला. आता हा माणूस पुन्हा बाटलीच्या नादी लागणार, हे पाहुण्यांनी ठरवूनच टाकलं होतं. आत्या रमची बाटली घेऊन मोरीकडे निघाली, तेव्हा काकांनी ती तिच्या हातातून काढून घेतली.

"असू दे, अक्का. तिचा हात लागलाय बाटलीला." मग बाटलीकडे बघत म्हणाले, "लेबल पार पिवळं पडलंय. एवढी वर्षं एकच बाटली पुरली बघ."

आत्याला काही कळलं नाही. मला कळलं. सगळे गेल्यावर मी विचारलं, "काका, तुम्हाला माहीत होतं?"

"जन्मभर पिलेला माणूस हाय मी. चिंचेच्या पाण्यानं चढती का कुठं?"

"मग बोलला का नाहीत?"

काकांनी बाटली कपाटात ठेवून दार लावलं. "बोललो असतो तर तिनं करायचं थांबवलं असतं. लग्न झाल्यापास्नं अशी समोर बसून ती माझ्याकडं कधी बघत न्हवती, पोरी. अन् म्या बी तिच्याकडं कधी बघितलं न्हवतं."

बाटली कपाटात आहे, काकांनी तिला हात लावलेला नाही. पण संध्याकाळ झाली की ते चिंच भिजत घालतात, गूळ करपवतात, ओटाभर पसारा करतात. ग्लास मात्र मला देतात आणि हनुवटीला हात लावून समोर बसतात. काकूची चव काही त्यांना सापडत नाही. मी घोट घेते, कपाळ सरळ ठेवायचा प्रयत्न करते, पण डोळे भरून येतातच.

"मिरं जास्त झालं का गं?" काका विचारतात.

"हो," मी म्हणते, "जरा जास्तच झालं."