कापसाच्या खोलीतून केदारकडे

तमाम वऱ्हाड मुलखास, त्यातल्या काळ्या जमिनीस, ती कसणाऱ्यांस आणि कसवून घेणाऱ्यांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं, की बर्फ म्हणजे कापूस नव्हे. ज्या कोणाचा आजवर तसा समज असेल त्यानं तो या घटकेपासून सोडावा. हा शोध आमच्या घरानं स्वतःच्या पायांनी लावला आहे, आणि तो लावताना कापसाची एक अख्खी खोली तुडवली आहे.

आमचं गाव केनवडच्या बाजूचं. चढण म्हणावी अशी एकच, गावामागची बरड टेकडी. पान तोंडात टाकून चढायला लागावं, तर ते रंगायच्या आत माथा यायचा. अशा गावातून आम्ही तिघं बद्रीकेदारच्या पायी यात्रेला निघणार होतो. एक माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. दुसरी त्यांची धाकटी बहीण, माझी आत्या. आणि ओझी वाहायला घरातला धडधाकट माणूस म्हणून मी. माझं लग्न त्याच वर्षी झालं होतं, तेव्हा हिमालयाची मला काही घाई नव्हती. पण मला कोणी विचारलंच नाही.

पुण्य जोडायला चाललो, असं गावाला सांगितलं होतं. खरं कारण आत्याच्या कपाळावर होतं. तिचा नवरा फार वर्षांपूर्वी गावातल्या काही जणांबरोबर केदारला गेला. बाकीचे परतले, तो परतला नाही. एक सोबती म्हणाला, त्याला हगवण लागली. एका चट्टीवर, म्हणजे यात्रेकरूंच्या मुक्कामाच्या झोपडीत, त्याला ठेवून आम्ही वर गेलो, उतरताना पाहतो तर तो तिथं नाही. दुसरा म्हणाला, गोसाव्यांच्या घोळक्यात मी त्याला पाहिलं, अंगाला राख होती. उरलेले खाली मान घालून बसले. तेव्हापासून आत्या माहेरी होती. कुंकू होतं, पायांत जोडवी होती, आणि ती कोणाच्या नावाची हे गावात कोणी बोलून दाखवत नव्हतं.

आमच्याकडे रीत अशी, की बारा वर्षं माणसाचा पत्ता लागला नाही, तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. मग तो मेला असं ठरतं. बायकोचं कुंकू त्याच दिवशी जातं. बारा वर्षं त्या साली भरत होती. भटजी विषय काढायला घरी आले, तेव्हा आत्यानं त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाली, "पानं कुठी पळून नाई जात, महाराज. बारा वर्सं त्याची वाट पाह्यली. आता ज्या वाटेनं गेला, ते वाट तं पाहून येऊ द्या."

भटजी पाणी पिऊन गेले.

माघात देवप्रयागचा पंडा आला. हे पंडे थंडीत पहाड उतरून यजमानांची गावं हिंडत आणि उन्हाळ्यात त्याच यजमानांना पहाड चढवत. त्यानं आमच्या सारवलेल्या अंगणात ज्वारीच्या दाण्यांची गंगा काढली. कोंबड्यांनी ती मधेच टिपून खाल्ली. त्यानं न रागावता पुन्हा वाहवली. रुद्रप्रयाग म्हणून एक सुपारी ठेवली आणि तिच्यापासून दोन वाटा काढल्या.

"दाहिने हाथ सीधा बद्री. रास्ता अच्छा है. बाएँ हाथ केदार. खड़ी चढ़ाई, ऊपर बर्फ. फिर तुंगनाथ का पहाड़ लाँघो, तब बद्री का रास्ता पकड़ो."

मोठे बाबा त्या सुपारीकडे बघत राहिले. मग त्यांनी गावातल्या कोणालाच न सुटलेला प्रश्न विचारला. "बरफ कसा राह्यते, महाराज?"

पंड्यानं इकडेतिकडे पाहिलं. कापसाच्या खोलीचं दार उघडं होतं. वेचणी संपली होती, माल अजून विकायचा होता, आणि आत छातीएवढा पांढराशुभ्र ढीग होता. पंड्याचा चेहरा खुलला. "ऐसी. बिलकुल ऐसी. बस, ठंडी."

दुसऱ्या सकाळी तालीम सुरू झाली. डोक्यावर गाठोडं, खांद्यावर घोंगडी, हातात काठी आणि पायांत वाशीमहून आणलेले कॅनव्हासचे बूट, अशा थाटात आम्ही तिघं खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत हिमालय ओलांडू लागलो. मांडीपर्यंत पाय जायचा. मोठे बाबा पुढून हुकूम सोडायचे. "गुडघा वर! काठी आधी, पाय मंग!" मी सरकीच्या धुळीनं शिंकलो, तर थांबून म्हणाले, "तिथं शिंकू नोको. कडा पडते म्हन्तात." आई दारात उभी राहून हे सगळं बघायची. "भाऊजी, कापूस इकाचा हाय, का तुडवून त्याचं लोनचं घालाचं हाय?"

बाकीची तयारीही जोरात होती. सातूचं पीठ दळून झालं, ठेच्याची बरणी भरली. आत्या बैलगाडीनं मंगरूळपीरच्या दर्ग्यावर चादर चढवून आली. मोठे बाबा म्हणाले, "केदार महादेवाचा. तिथं पिराचं काय काम?"

"पीर आपल्या इकडचा हाय, दादा. तिकडच्या देवाले माही वळख कोन देईल?"

पंड्याची ती दाण्यांची गंगा आत्या अंगणात रोज नव्यानं मांडायची. इथवर सगळं मजेत चाललं होतं. मग एका संध्याकाळी मोठ्या बाबांनी पायानं अंगणातली डावी वाट पुसली. दाणे विखुरले. "सीधं बद्रीले जाचं," ते म्हणाले. "केदार नाई."

आत्या ओसरीवर वाती वळत बसली होती. ती वळतच राहिली. "काहून?"

"चढ लय हाय. तुह्या गुडघ्याले झेपनार नाई."

"गुडघा माहा हाय. त्याचं मी पाहीन. खरं सांग, दादा."

 आईनं मला डोळ्यांनी आत यायची खूण केली, पण माझा पाय निघाला नाही.

"तो मेला असन," ते म्हणाले, "तं तू रडून घेशीन. तेवढं मले पाहवन. पन जिता सापडला तं? राख फासून, धुनीपाशी बसलेला? मंग काय करशीन वो बाई तू?"

आत्यानं हातातली वात खाली ठेवली. "जिता सापडला तं इचारीन, जेवला का म्हनून."

 मोठे बाबा टेकडीकडे निघून गेले. पुढचे काही दिवस ती दोघं एकमेकांशी फक्त कापसात बोलत, तेही "काठी आधी" आणि "हो" एवढंच. वाट मात्र ठरलेली होती, आणि घरात मोठ्या बाबांनी ठरवलेलं सहसा बदलत नसे.

असंच एकदा तालीम संपवून आत्या बाहेर आली, बूट काढला आणि जागच्या जागी बसली. डाव्या पायात जोडवं नव्हतं.

बुटात जोडवी बोटांना रुततात म्हणून त्या दिवशी तिनं बूट सैल बांधला होता, आणि तो कापसात निघून पुन्हा चढवावा लागला होता. तेवढ्यात ते गळालं. कारण इतकं साधं, पण घरातल्या बायकांचे चेहरे उतरले. शेजारची म्हातारी बोलूनच गेली, "जोडवं गेलं म्हन्जे समजून घ्यावं मानसानं."  उघड्या बोटावरचा पांढरा वळ आत्या अंगठ्यानं चोळत राहिली.

मोठे बाबा शेतातून आले. झालं काय ते आईनं हळू आवाजात सांगितलं. आत्याचा नवरा जिता सापडण्यापेक्षा पळसाची पानं पेटलेली ज्या माणसाला बरी वाटत होती, त्याचीच अडचण देवानं परस्पर दूर केली होती. त्यांनी पागोटं काढून खुंटीला लावलं आणि ते खोलीत शिरले. मला म्हणाले, "भाईर थांब. तुह्या पायानं खाली जाईन."

मी दारातून बघत होतो. ते गुडघ्यांवर बसून एका कोपऱ्यातून मूठमूठ कापूस उचलत, बोटांनी पिंजत आणि मागे टाकत. जेवायला हाक मारली, उठले नाहीत. ऊन दारातून आत आलं आणि सरकत बाहेर गेलं. अख्खा ढीग इकडचा तिकडे झाला, तेव्हा ते बाहेर आले. भुवया, मिशा, कानांवरचे केस, सगळं पांढरं. हसू येण्यासारखंच ध्यान होतं, आणि मी कशावरही हसणारा माणूस. पण त्या दिवशी हसू आलं नाही. त्यांनी ते जोडवं आत्याच्या हातात दिलं नाही. खाली वाकले, तिचा पाय उचलला आणि स्वतः बोटात घातलं. थोरला भाऊ धाकट्या बहिणीच्या पायाला हात लावत नाही. तिनं पाय ओढून घ्यायचा केला, त्यांनी सोडला नाही.

मग उठून म्हणाले, "केदारावरून जाऊ."

उन्हाळ्यात रुद्रप्रयागला आम्ही पंड्यामागून डावीकडे वळलो. प्रत्येक चट्टीवर आत्या विचारायची, वऱ्हाडातला एक माणूस, उंच, डाव्या कानाची पाळी चिरलेली, फार वर्षांमागं. चट्टीवाले बिचारे तिला चहा द्यायचे. हजारो माणसं त्या वाटेनं जात, त्यांना एका कानाची पाळी कुठली आठवायला? धुन्यांपाशी बसलेले गोसावीही तिनं एकेक करून पाहिले. मोठे बाबा तेव्हा थोडे मागे, पाठ फिरवून उभे राहत.

गौरीकुंडाच्या वर बर्फ लागला. मोठे बाबा शिकवल्याप्रमाणे गुडघा छातीपर्यंत उचलून, पाय मांडीपर्यंत रुतेल या भरवशानं पुढे झाले. बर्फ दगडासारखा होता. ते घसरत माझ्यावर आले आणि आम्ही दोघं काठ्यांसकट ओढ्याच्या काठापर्यंत गेलो. पंडा तोंड लपवून हसत होता. आत्या बूट आडवे रोवत हळूहळू, नीट चालत गेली.

आत्या आमच्याबरोबर परत आली, हे आत्ताच सांगून टाकतो. घरी आल्यावर भटजींना तिनंच बोलावणं धाडलं आणि पळसाची पानंही स्वतः तोडून आणली. जोडवी तिनं कोणाला काढू दिली नाहीत, आपल्या हातानं काढली. पण मला आठवते ती केदारच्या वाटेवरची दुपार.

चढ संपतो तिथं एक वळण आहे. तिथून देऊळ पहिल्यांदा दिसतं. तिथं पोचलो आणि ढग फाटले. समोर आभाळाला टेकलेली पांढरी भिंत, तिच्या पायथ्याशी देऊळ, खाली नदीचा आवाज, आणि देवळाखेरीज माणसाचं कुठं काही नाही. पंडा जयजयकार करायला थांबला होता. मोठ्या बाबांनी हात जोडले होते, पण डोळे बहिणीकडे होते. ती किती तरी वेळ काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. मग पदर सावरायचंही विसरून, जणू नवरा शेजारीच उभा आहे अशी, मोठ्यानं बोलून गेली,

"इथून वापस कोन येते, बाप्पा! मी बी आली नसती!"