मंदाताईला आणून दिलेली वाटी

"ताई, हा आळस नाही, हा आजार आहे," असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसले होते. शेजारी चांगली खुर्ची होती, पण तिला हात होते आणि हातांच्या खुर्चीत मी अडकत असे. वजन एकशे अठरा किलो. शुगर होतीच, गुडघे गेलेले होते आणि त्या दिवशी रिपोर्टमध्ये तिसरं नाव आलं, स्लीप अ‍ॅप्निया. म्हणजे झोपेत श्वास मधेच थांबणं. आम्ही इतकी वर्षं त्याला घोरणं समजत होतो.

डॉक्टरांनी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी सुचवली. पोटाला पाच छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीतून जठराचा बराचसा भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी अरुंद नळी शिल्लक ठेवतात. त्यामुळे थोड्याशा खाण्यानंच पोट भरतं. शिवाय भुकेची जाणीव करून देणारा भागही बराचसा निघून जातो, त्यामुळे पूर्वीसारखी भूकच लागत नाही. हे दुसरं वाक्य कृपा करून लक्षात ठेवा. मी ते लक्षात ठेवलं नाही, म्हणून हे लिहायची वेळ आली.

ऑपरेशनला मी घाबरले नाही, लोकांना घाबरले. खाताना हिचा हात थांबला नाही आणि आता पोट कापून मोकळी झाली, असं सगळे म्हणणार हे मला ऐकू येत होतं. म्हणून सासरी, माहेरी आणि चाकणच्या कंपनीत एकच सांगितलं, पित्ताशयात खडे झालेत. आमचे मिस्टर म्हणाले, "आणि वजन उतरायला लागल्यावर काय सांगशील?" मी म्हटलं, तेव्हाचं तेव्हा बघू.

पहिले दोन आठवडे फक्त पातळ. मुगाचं पाणी, गाळलेलं ताक, नारळपाणी, तेही औषधाच्या छोट्या कपानं, घोट घोट. एकदा सवयीनं मोठा घोट घेतला तर छातीत असं काही अडकलं की ओट्याला धरून उभी राहिले. मग मिक्सरमधून काढलेली डाळ, मग मऊ अंडं, पनीर, आसट खिचडी. जेवणाआधी आणि नंतर अर्धा तास पाणी नाही. आधी डाळ, अंडं, म्हणजे प्रथिनं. भाकरी सगळ्यांत शेवटी, आणि ती बहुतेक राहूनच जायची. ताटात टाकू नये असं लहानपणापासून शिकलेल्या बाईला रोज दोन घास उरवताना फार अपराधी वाटतं. तुम्हालाही वाटेल. उरू द्या.

चौथ्या महिन्यात केस मुठीनं गेले. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, परत येतात, पण व्हिटॅमिनच्या गोळ्या चुकवू नका. एका मैत्रिणीच्या मुलाच्या बारशाला एक अख्खी जिलबी खाल्ली आणि दहा मिनिटांत घाम फुटून छाती धडधडायला लागली. याला डंपिंग म्हणतात, गोड पदार्थ आतड्यात घाईनं उतरल्यामुळे होतं. तिथंही मी ऊन लागलं म्हणून सांगितलं. नोव्हेंबर होता.

आहारतज्ज्ञ मॅडमनी मला एक छोटी स्टीलची वाटी ठरवून दिली होती. एका जेवणाला तेवढंच. देताना त्या म्हणाल्या होत्या, "हे माप फक्त ऑपरेशन झालेल्या पोटासाठी आहे. घरात दुसऱ्या कुणाला हे करू देऊ नका." मी मान हलवली होती.

आता मंदाताईबद्दल सांगते. आमच्या कंपनीत गाड्यांच्या वायरी तपासायचं काम आहे, आठ तास उभ्यानं. मी मोशीत कंपनीच्या बसमध्ये बसते, मंदाताई निघोज्याला चढते आणि सहा वर्षं माझ्या शेजारीच बसते. ती तिथलीच, जुन्या घरातली. माझ्याहून सात वर्षांनी मोठी, अंगानं जवळजवळ माझ्याइतकीच. सीटवर आम्ही दोघी बसलो की तिसरीला जागा नसायची, यावरून आम्ही स्वतःच हसायचो. तिलाही शुगर होती, गोळी चालू होती. हे मला माहीत होतं.

माझं वजन उतरायला लागलं तशा बायका विचारायला लागल्या. मी म्हणायचे, "संध्याकाळी चालते आणि ही वाटीभर खाते." दोन्ही खरं होतं, म्हणून ते तोंडातून सहज निघायचं. आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं. उभ्या आयुष्यात माझ्या शरीराचं कुणी कौतुक केलं नव्हतं. सुपरवायझर नव्या पोरींना सांगायचे, "निर्धार म्हणजे काय ते संगीताताईंकडून शिका." मी मान खाली घालून हसायचे. नाही म्हणायला किती सेकंद लागले असते?

एक दिवस मंदाताई म्हणाली, "मला बी तसलीच वाटी आन की. तुज्याबरूबर मी बी करते."

त्याच संध्याकाळी मी मोशीतल्या भांड्याच्या दुकानात गेले. दुकानदारानं तीन वाट्या काढल्या. मी पर्समधली माझी वाटी काढून शेजारी ठेवली आणि अगदी त्याच मापाची निवडून घेतली. कुणी ढकललं नव्हतं. स्वतःच्या पायांनी गेले, स्वतःच्या हातांनी आणली.

कँटीनमध्ये आम्ही समोरासमोर दोन वाट्या ठेवून जेवायला लागलो. माझ्या वाटीत दोन घास उरायच्या आत तिची वाटी चाटूनपुसून रिकामी झालेली असायची. दुसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "दोन वाजलं की हातपाय थरथरत्यात गं. तुला न्हाई व्हत?"

मी म्हटलं, "सुरुवातीला होतं. होईल सवय."

आयुष्यात मी बरंच खोटं बोलले असेन. पण "होईल सवय" हे दोन शब्द मला अजून जेवताना आठवतात.

त्यानंतर पाचव्या दिवशी ती लाइनवर पडली. माझ्या शेजारच्या टेबलावरच होती. आधी हातातली वायर गळली, मग ती स्वतःच खाली गेली आणि तिचं मनगट ट्रॉलीच्या कडेवर आपटलं. चाकणच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हायपोग्लायसेमिया, म्हणजे रक्तातली साखर धोक्याइतकी खाली गेली होती. गोळी चालू आणि जेवण बंद. वर मनगटाचं हाड मोडलेलं. ती शुद्धीवर आल्यावर त्यांनी तिला जरा रागानंच विचारलं, "हे असलं डाएट तुम्हाला सांगितलं कुणी?"

मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. तिच्या डब्याची पिशवी माझ्याच हातात होती, आत ती वाटी.

मंदाताईनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "कुनी न्हाई," ती म्हणाली. "माज्याच मनानं केलं."

मी तिथंही गप्प बसले. बाहेर येऊन कॉरिडॉरमध्ये रडले, ते तिच्यासाठी की सुटले म्हणून, ते अजून मला ठरवता येत नाही.

आठ दिवसांनी निघोज्याला तिच्या घरी गेले. हात गळ्यात बांधलेला, तरी ती हसत होती. म्हणाली, "प्लास्टर निगू दे, परत चालू करते. माजाच धीर सुटला. तुज्यासारकं धरून बसाया पायजे."

ती परत करणार होती. आणि पुढच्या वेळी जवळ कुणी असेलच असं नाही. मी उठून दार लोटलं, कुर्ता वर केला आणि तिला पाच डाग दाखवले. खडे नव्हते, जठर काढलंय, मला भूक लागत नाही, सगळं एका दमात सांगितलं. मॅडमनी बजावलं होतं हेही सांगितलं.

मंदाताईनं वाकून पाचही डाग एकेक करून पाहिले. मग म्हणाली, "म्हंजे मी समूर बसून उपाशी मरत व्हते, आन् तुला भूकच न्हवती."

"हो."

"तू सांगितलं असतंस तर मी काय बस थांबवून गाव गोळा केला असता व्हय?"

त्या घरात पहिल्यांदाच मला कुणी चहा विचारला नाही. मी तिच्या धाकट्या सुनेला गोळी आणि जेवणाबद्दल डॉक्टरांनी काय सांगितलंय ते नीट विचारून घेतलं आणि निघाले.

दीड महिन्यानं ती कामावर आली. बसमध्ये माझ्या शेजारी न बसता पुढच्या सीटवर बसली. आता माझ्या सीटवर तिसरीलाही जागा होती. रोज मी तिच्या अंबाड्याकडं बघत चाकणला जायचे. तिनं कंपनीत कुणाला काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मला हलकं वाटलं असतं.

ज्यांचं हे ऑपरेशन होणार आहे त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. हे लाजेचं काही नाही. सगळ्या गावाला सांगू नका हवं तर, पण जी माणसं तुमच्यासमोर बसून जेवतात त्यांना सांगा. मी आज बत्तीस किलोंनी हलकी आहे, रात्रभर शांत झोपते, हातांच्या खुर्चीत बसते. डॉक्टरांचे आणि मॅडमचे माझ्यावर उपकार आहेत. पण "माज्याच मनानं" म्हणणाऱ्या बाईचे उपकार मला जड जातात.

गेल्या महिन्यात एक नवी मुलगी बसमध्ये माझ्या शेजारी बसली. चांगली जाडजूड, हसरी. म्हणाली, "ताई, तुम्ही कसं केलंत हो? मलापण सांगा ना."

सगळी बस ऐकेल एवढ्या आवाजात मी म्हटलं, "ऑपरेशन केलं. माझ्या खाण्याकडं बघून काही करू नकोस."

पुढच्या सीटवरून मंदाताई मागं न वळता म्हणाली, "भूक लागत न्हाई, ते बी सांग तिला."

मी तेही सांगितलं.