चढावर उभा राहणारा

मी आणि बायको शेवटचे एकत्र बाहेर पडलो ते नातीच्या सायकलचं पंक्चर काढायला. पंक्चरवाला हळू बोलणारा माणूस. टायर संपला असेल तर तोंडावर संपला म्हणतो, गोड करून सांगत नाही. नात शर्यतीत धावणार होती, म्हणून बायकोने त्याला विचारलं, आम्ही उभं कुठे राहायचं?

"शेवटाक रवू नकात, काकी. थंय सगळेच आरडतत. चढावार रवा, थंय पोरां थकतत. नावान हाक मारा. आणि पोचलंस पोचलंस असा खोटा सांगू नकात."

आठवड्याने बायको गेली. नात म्हणाली, मी धावत नाही. पण शर्यतीत नाव आजीने घातलेलं, म्हणून शेवटी धावली.

मसुऱ्याच्या वाटेवरच्या चढावर ही गर्दी. नात आली ती चालतच, मान खाली. मी ओरडलो, "गो बाय!" आमच्याकडे प्रत्येक मुलगी बायच. दहाजणी वळल्या, आमची नाही.

शेजारी तो पंक्चरवाला उभा होता. त्याने तिच्या नावाने अशी हाक मारली की पुढची माणसं बाजूला झाली. "अजून दोन वळणां आसत गो. आजो हय उभो आसा."

तिने मला बघितलं आणि पळत सुटली. तो मात्र शेवटची मुलगी जाईपर्यंत ओरडत राहिला.

दुसऱ्या सकाळी दुकानात गेलो तर त्याचा घसा बसलेला. गिऱ्हाइकांना बोटांनी सांगत होता. मी घरी येऊन हळद घालून दूध तापवलं. पहिलं उतू गेलं. दुसरं त्याला नेऊन दिलं.