हार घातलेली भिंत

भिंतीवरच्या माझ्या चेहऱ्याला कोणीतरी झेंडूचा हार घातला होता. दूध घ्यायला निघाले होते, तिथेच थांबले. शेजारच्या पाच चेहऱ्यांनाही हार होते, आणि त्या पाचही म्हाताऱ्या वारलेल्या.

बीरगांवातल्या आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, पोट्ट्यांकडून ही भिंत रंगवून घेणारी मुलगी रायपूरहून यायची. नाव मी कधी विचारलं नाही. ब्रश ती स्वतःच्या मनगटाला पुसायची, आणि पोट्टे चुकले की हसायची. तेव्हा ती खालची पट्टी रंगवत होती.

"काहून वं, मले जितेपणी मारलं का?"

ती गोंधळली. "अम्मा, हार किसने डाले, पता नहीं. मैंने तो बच्चों से इतना ही कहा था, जिसकी आवाज़ कान में रह गई है, उसको बनाओ."

बाकीच्यांनी आपापल्या वारलेल्या आज्या काढल्या होत्या. मला कोणी काढलं, आणि रोज पोट्ट्यांवर ओरडते म्हणून की आणखी कशासाठी, ते मला अजून कळलेलं नाही.

"मिटा दूँ?" तिने ब्रश पांढऱ्या रंगात बुडवला.

"तोंड राहू दे," मी म्हटलं आणि माझा हार मीच काढला.

भिंतीवर सहा जणी आहेत. त्यांतली जिवंत मी एकटी.