अठ्ठावीसची थंडी

माझी बायको मार्था गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही शारजातल्या खोलीत चहा पिता पिता अमेरिकेचं हवामान बघितलं. रोजचंच होतं. आमची मुलगी सुझी नर्स. जानेवारीत ती तिकडे मधल्या भागातल्या एका लहान गावी कामाला गेली. जाताना एअरपोर्टवर तिने आईच्या फोनमध्ये त्या गावाचं हवामान सांगणारं पान लावून दिलं. खाली नदीचे, मक्याच्या शेतांचे फोटो. मार्था फोटो बघायची, मी आकडा वाचायचो. माझी शाळा चौथीत सुटली, इंग्रजी वाचता येत नाही. आकडे येतात.

"किती हो?"

"अठ्ठावीस."

"ती तर म्हणते, गारठलेय."

"नाटकं. अठ्ठावीसमध्ये इथे लोक बार्बेक्यू घेऊन बाहेर बसतात."

"असेल हो थंडी. पोरगी कशाला खोटं बोलेल?"

"तुला काय कळतं?"

तिने कप विसळले. पहाटे झोपेतच तिचं हृदय बंद पडलं.

वसई सोडली तेव्हा माझी आई एवढंच म्हणाली होती, "उन्हात डोकं झाकून जा." हवामान म्हणजे माझ्या लेखी तेवढंच. दुबई मरीनातल्या हॉटेलच्या लाँड्रीत वाफेत उभा राहिलो, अठ्ठेचाळीस डिग्रीत बसची वाट बघितली. कुणी थंडीचं रडगाणं लावलं की माझं डोकं फिरायचं. एका रविवारी सुझी चर्चमध्ये मिस्साला गेली नाही. "पप्पा, इट्स टू कोल्ड," म्हणाली. मी फोनवर असा ओरडलो की त्यानंतर ती फक्त आईशी बोलायची.

आई गेल्याचं कळवलं तेव्हा ती म्हणाली, बर्फाचं वादळ आहे, विमानं बंद आहेत, दोन दिवस थांबा. मी हवामानाचं पान उघडलं. चौदा. "चौदात विमान उडत नाही? तुला यायचंच नाही. खलास!" फोन ठेवला. फादर म्हणाले, थांबू या. मी थांबलो नाही. मृत्यूचे कागद हातात आले त्याच दिवशी इथेच दफन केलं.

वसईच्या माणसांनो, हे तुमच्यासाठीच लिहितोय. तुम्हाला फोन करून मी काय सांगितलं ते तुम्हाला आठवतं. पोरीला आईची किंमत नाही, म्हणालो. तिच्या मामाने तेव्हापासून तिच्याशी बोलणं टाकलं.

सातव्या दिवशी प्रार्थनेला माणसं जमली. शेजारच्या लीला टीचर दुबईत ऊद मेथाच्या शाळेत शिकवतात. सगळ्यांसमोर मी त्यांच्या हातात फोन दिला. "बघा टीचर, आज तेवीस. हिला म्हणे थंडी!"

त्यांनी बघितलं. हळूच म्हणाल्या, "अंकल, हे आपलं माप नाही. तिकडचं वेगळं असतं. यात बत्तीसला पाण्याचा बर्फ होतो."

"बत्तीसला? मग चौदा म्हणजे?"

"फ्रीजरच्या आत असतं ना, जवळपास तेवढं."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मी मान खाली घालून लोकांच्या चपला बघत बसलो. मार्थाला तरी कुठे ते माप माहीत होतं? आकडा तिलाही तोच दिसत होता. तिने पोरीचं ऐकलं, मी आकड्याचं.

पूर्वी कुणी विचारलं, घर कुठे, तर मी वसई सांगायचो. मग शारजा सांगायला लागलो. आता खोली आहे, भाडं आहे. घर ती होती. हे वाचाल तेव्हा मामाला सांगा, चूक पोरीची नव्हती.

प्रार्थनेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटीला निघायच्या आधी सुझीला फोन लावला. चार वेळा कट झाला. पाचव्यांदा उचलला.

"मी चुकलो," म्हणालो. "तू खरं बोलत होतीस."

मग माझ्याशी कायम इंग्रजीत बोलणारी पोरगी मराठीत म्हणाली, "पप्पा, मम्मीला काय नेसवलं होतं?"

"निळी साडी. तुझ्या कन्फर्मेशनला चर्चमध्ये नेसली होती ती."

"केस कोणी विंचरले?"

मी सांगितलं. गाणं कुठलं म्हटलं, खांदा कोणी कोणी दिला, हातात रोझरीची माळ कुठली होती. ती विचारत गेली. खाली ड्युटीची बस हॉर्न वाजवून निघून गेली. मी खाटेवर बसून सगळं सांगत राहिलो.