मशीनवरचं तीर्थ

बुनरुआनने लोखंड कापायचं नवं, कॉम्प्युटरवर चालणारं सीएनसी मशीन नाकारलं तेव्हा ओम नोई गावातल्या तिच्या वर्कशॉपच्या गल्लीने तिला वेड्यात काढलं. साच्यांच्या कारखान्याने तिला पाच आठवड्यांची मुदत दिली होती. लांब लोखंडी पट्ट्या केसाचाही फरक न पडता कापून दाखवल्या, तर वर्षभराचं काम तिचं. नाहीतर शेडला कुलूप. नवं मशीन वेळेत आलं असतं, पण शेडमध्ये दोन मशीनना जागा नव्हती. जुनं भंगारात द्यावं लागलं असतं, आणि जुनं तिच्या नवऱ्याचं, विचियानचं होतं. त्याने तिला हे काम त्याच मशीनवर शिकवलं होतं.

म्हणून तिने प्रासित मिस्त्रीला बोलावलं. लोखंड तेच ठेवायचं. मोटारी, स्क्रू, कॉम्प्युटर नवे बसवायचे. आतून काय निघेल सांगता येत नाही, असं तो म्हणाला.

"माझ्यासारखंच आहे ते," ती म्हणाली. "वरून म्हातारं, आतून ठणठणीत."

नाकारलेलं मशीन समोरच्या शेडमधल्या सुथीपने लगेच स्वतःसाठी मागवलं. गिऱ्हाईक कुणाचं पळतंय यावर टपूनच बसलेला माणूस तो.

तिसऱ्या दिवशी प्रासितने टेबल उतरवलं, दोन्ही बाजूंची रबरी झाकणं काढली. टेबल ज्यावर सरकतं त्या बेडचा मधला भाग आरशासारखा होता, दोन्ही टोकं मात्र गंजाने खाल्लेली. इतकी वर्षं छोटीच कामं येत, टेबल टोकापर्यंत जातच नसे. आता लांब पट्ट्यांना नेमकी तीच टोकं लागणार होती.

"पत्रा गळत नाही, मग इथे पाणी कुठून आलं?" प्रासितने गंजावरची पांढरी खपली नखाने काढून हुंगली. खपलीला अजून अत्तराचा वास होता.

तो वास बुनरुआनने ओळखला. दर वर्षी गुरुपूजेच्या गुरुवारी सगळी गल्ली मशीनना हार घाले, पांढऱ्या उटीचे तीन ठिपके लावी, वर अत्तर घातलेलं तीर्थ शिंपडी. विचियान मात्र नुसतं तेलाचं बोट ओढायचा. पाणी माणसांना, म्हणायचा. तिला तो कद्रूपणा वाटे, त्यावरून दर वर्षी भांडण व्हायचं. तो गेल्यावर तिने उणीव भरून काढली. नऊ वर्षं, त्याचं नाव घेत, या टोकापासून त्या टोकापर्यंत वाडगाभर तीर्थ.

"मीच ओतलं," ती म्हणाली. "घासून निघेल?"

"निघेल, काकू. पण बाहेर पाठवावं लागेल. तीन महिने."

कारखाना तीन महिने थांबणार नव्हता. आठवड्याभरात ते काम सुथीपकडे गेलं.

त्याचं मशीन आलं त्या दिवशी सुथीपची बायको तिला बोलवायला आली. नवं मशीन गल्लीतल्या वडीलधाऱ्याच्या हातून पुजायचं, अशी रीतच होती. बुनरुआन गेली. न जाऊन करणार काय? सुथीपच्या बायकोने तीर्थाचा वाडगा तिच्या हातात दिला. तो फेकून द्यावा, मोठ्याने रडावं, असं तिला वाटलं.

तिने वाडगा खाली ठेवला आणि तेल मागितलं.